आदिवासी दिसायला हवा तरी कसा?

१९७६ पर्यंत कर्जतचा ठाकर अनुसूचित जमातीत होता आणि कुडाळचा नव्हता. यादीत ठाकरांची नोंद होती ती कुलाबा, ठाणे, पुणे, नाशिक आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या ठरावीक तालुक्यांपुरती. कुडाळ तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होते. सिंधुदुर्ग वेगळा झाला तो १ मे १९८१ रोजी. १९७६ च्या दुरुस्ती कायद्याने हे क्षेत्रबंधन उठले आणि कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर कायद्याच्या यादीत आले. पण लोकांच्या आणि कचेऱ्यांच्या मनात ठाकराचे एक चित्र आधीच ठसले होते. पिंगुळीचा माणूस त्यात बसत नव्हता.

मराठी प्रेक्षकापुढे ते चित्र सर्वांत देखण्या रूपात आले ‘जैत रे जैत’मधून, आणि तेही पुढच्याच वर्षी, १९७७ साली. गो. नी. दांडेकरांची कादंबरी, जब्बार पटेलांचे दिग्दर्शन, महानोरांची गाणी, हृदयनाथांचे संगीत. डोंगर, आग्या मोहोळ, ढोल, नाग्या आणि चिंधी. माझे या चित्रपटावर मनापासून प्रेम आहे. त्यात ठाकराला विदूषक केलेले नाही की दयेचा विषयही केलेले नाही; त्याला त्याचा हट्ट आणि त्याचा देव दिला आहे. तरीही एका डोंगरातल्या ठाकराची ती गोष्ट पुढे सगळ्या ठाकरांची ओळख होऊन बसली.

पिंगुळीचे ठाकर सावंतवाडी संस्थानच्या आश्रयाने कला जोपासत आले. चित्रकथीची पोथी उघडायची, एकेक चित्र समोर धरायचे आणि रामायण-महाभारतातली कथा गाऊन सांगायची. शिवाय कळसूत्री बाहुल्या, आणि दिव्याच्या उजेडात पडद्यावर नाचणाऱ्या चामड्याच्या बाहुल्या. परशुराम गंगावणे यांनी घरच्या गोठ्याचे संग्रहालय केले, त्याला नाव दिले ‘ठाकर आदिवासी कला आंगण’. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. तिथे जाणारा कॅमेरा बाहुल्यांवर खिळतो, ते साहजिकही आहे. मला मात्र त्या नावातल्या ‘आदिवासी’ या शब्दापाशी थांबणारा माहितीपट हवा आहे. रामाची कथा गाणारा, राजाश्रय लाभलेला माणूस आदिवासी असू शकतो, हे आपल्याला इतके अवघड का वाटते?

याचे उत्तर छायाचित्रणाच्या सुरुवातीच्या दिवसांत सापडते. १८६३ आणि १८६६ मध्ये विल्यम जॉन्सनने मुंबईतल्या जातीजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड काढले. त्यातल्या बऱ्याच चित्रांत माणसे स्टुडिओत टिपलेली आणि मागचे दृश्य दुसरीकडचे, नंतर जोडलेले. पुढे वॉटसन आणि के यांनी संपादलेले ‘द पीपल ऑफ इंडिया’ १८६८ ते १८७५ या काळात आठ खंडांत आले. एक माणूस उभा करायचा, खाली जमातीचे नाव आणि स्वभावाचे वर्णन छापायचे, अशी ही रीत. माणसाचे स्वतःचे नाव बहुधा नसेच. नमुन्याला नाव लागत नाही.

माहितीपटाने हीच सवय पुढे चालवली. रॉबर्ट फ्लाहर्टीचा १९२२ सालचा ‘नानूक ऑफ द नॉर्थ’ या कलाप्रकाराचा आद्य नमुना मानला जातो. त्यातल्या नायकाचे खरे नाव अलाकारियालाक. पडद्यावर जी त्याची बायको दिसते ती त्याची बायको नव्हती. उत्तर कॅनडातले हे इनुइट लोक तोवर बंदुकीने शिकार करू लागले होते. चित्रीकरणासाठी जुना भाला पुन्हा हाती आला. आत प्रकाश यावा म्हणून बर्फाचे घर अर्धेच बांधले गेले. ग्रामोफोन जणू प्रथमच पाहतोय असे दाखवून नायकाने तबकडी चावून पाहिली. फ्लाहर्टीला त्या लोकांबद्दल आस्था होती, यात शंका नाही. पण त्याला हवा होता आपल्या येण्याआधीचा माणूस, म्हणून समोर उभा असलेला माणूस त्याने बाजूला सारला.

आपल्याकडे या सवयीची किंमत जमातीच्या दाखल्यात मोजावी लागते. २ सप्टेंबर १९९४ रोजी कुमारी माधुरी पाटील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जमात-पडताळणीची पद्धत घालून दिली. दक्षता पथकाने घरी जायचे, कागद पाहायचे, शिवाय देव, विधी, चालीरीती, लग्नाची पद्धत, मर्तिकाचे संस्कार, प्रेत पुरण्याची रीत यांची माहिती घ्यायची. या माहितीवरून माणूस त्या जमातीचा वाटतो का हे पाहणे, म्हणजे आप्तभाव चाचणी. ती आली त्याला सबळ कारण होते. खोट्या दाखल्यांवर शिक्षणातल्या आणि नोकरीतल्या आदिवासींच्या जागा लाटल्या गेल्या. त्याविरुद्ध आदिवासी संघटनांनी दिलेला लढा न्याय्यच आहे. बोगस दाखल्यावरची नोकरी टिकणार नाही, हे न्यायालयाने २०१७ मध्ये ठामपणे सांगितले, तेही योग्यच झाले.

पण या चाचणीत खरा माणूसही अडकतो. ज्याचा आजा मुंबईला गिरणीत गेला, ज्याच्या घरी लग्न हॉलमध्ये आणि भटजी बोलावून लागते, त्याने कोणती चालीरीत सांगायची? पुस्तकातले उत्तर पाठ करून येणारा तोतया उत्तीर्ण होऊ शकतो आणि बदललेला खरा आदिवासी नापास. आनंद विरुद्ध पडताळणी समिती या २०११ च्या निकालात न्यायालयाने हे ओळखले: स्थलांतर, आधुनिक जीवन आणि इतरांशी संपर्क यांमुळे जमातीच्या रीती बदलतात, म्हणून आप्तभाव ही निर्णायक कसोटी ठरू शकत नाही. पुढे महाराष्ट्र आदिवासी ठाकूर जमात स्वरक्षण समितीच्या प्रकरणात, २४ मार्च २०२३ रोजी, तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हेच पुन्हा स्पष्ट केले. निकाल लिहिला न्यायमूर्ती अभय ओक यांनी. माहितीपट करणाऱ्या प्रत्येकाने तो वाचावा असे मला वाटते, कारण खरा आदिवासी कसा ओळखायचा, हा त्यातला प्रश्न कॅमेऱ्यालाही तितकाच लागू आहे.

रत्नागिरी जिल्ह्यात हा प्रश्न सर्वांत टोकदार होतो तो कातकऱ्यांपाशी. महाराष्ट्रात विशेष असुरक्षित आदिम गटांत तीन जमाती येतात: कोलाम, माडिया गोंड आणि कातकरी. खैराच्या लाकडाचा गाभा उकळून कात काढणे हा कातकऱ्यांचा मूळ धंदा. जंगलावर सरकारी बंधने आली तसा तो हातून गेला आणि कोळसाभट्टी, वीटभट्टी, दुसऱ्याच्या शेतातली मजुरी वाट्याला आली. दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे भट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडाला परततात. कित्येक कातकरवाड्या दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर आहेत. पिढ्या गेल्या तरी सातबारावर नाव नाही. आणि रत्नागिरी जिल्ह्याचा कोणताही भाग संविधानाच्या पाचव्या अनुसूचीखाली येत नसल्याने ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पेसा कायद्याचा आधारही इथे मिळत नाही. जिल्ह्यात आदिवासी शंभरात जेमतेम एक-दोन. आंबा, समुद्र आणि देवळे यांच्या कोकणात हा माणूस सहसा चौकटीबाहेरच राहतो.

तो चौकटीत येतो तेव्हा त्याच्या दोनच प्रतिमा दिसतात: उंदीर-खेकडे पकडणारा रानटी, किंवा दारू पिणारा, ज्याच्यावर चोरीचा पहिला संशय घ्यावा असा. चांगल्या हेतूने येणारा दिग्दर्शक तिसरी आणतो, उपासमारीची. या तिन्हींत कातकऱ्याला गावच्या भूगोलाचे किती ज्ञान आहे, कोणत्या ओढ्याला कधी मासा चढतो हे त्याला कसे कळते, भट्टीच्या मुकादमाकडून घेतलेली उचल फिटते की वाढते, हे कुठे येतच नाही. उचलीचा हिशेब हा नाट्यमय विषय आहे. तो टिपायला ढोल लागत नाही, वर्षभर सोबत राहणारा कॅमेरा लागतो.

आतला माणूस कॅमेरा हाती घेतो तेव्हा काय बदलते, हे अन्यत्र दिसले आहे. कॅनडातल्या अबेनाकी दिग्दर्शिका अलानिस ओबोमसाविन यांनी १९९० च्या ओका इथल्या जमिनीसाठीच्या संघर्षात मोहॉक लोकांच्या नाकाबंदीच्या आत राहून चित्रण केले. १९९३ च्या त्यांच्या ‘कानेसाताके’त तो संघर्ष आतल्या बाजूने दिसतो. आपल्या देशात रांचीच्या ‘अखड़ा’ संस्थेतून उरांव समाजातले बिजू टोप्पो मेघनाथ यांच्यासोबत वर्षानुवर्षे माहितीपट करत आहेत. ‘एक रोपा धान’ आणि ‘आयर्न इज हॉट’ यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. त्यांचा आदिवासी शेतीचे नवे तंत्र शिकतो, कारखान्याच्या धुराविरुद्ध उभा राहतो. तो आजच्या काळातला आहे, एवढे साधे सत्य पडद्यावर यायला इतका उशीर लागला. आनंद पटवर्धन आणि सिमंतिनी धुरू यांच्या १९९५ च्या ‘अ नर्मदा डायरी’त नर्मदेवरच्या धरणामुळे बुडणाऱ्या मणिबेलीचे आदिवासी असेच आपले म्हणणे मांडताना, सरकारला जाब विचारताना दिसतात.

बाहेरच्याने असा चित्रपट करूच नये, असे मी म्हणणार नाही. ‘जैत रे जैत’ही बाहेरच्यांनीच केला. पण खेड, चिपळूण, मंडणगडच्या कातकरवाड्यांत किंवा पिंगुळीच्या ठाकरवाडीत कॅमेरा नेणाऱ्याने काही गोष्टी आधी ठरवाव्यात. श्रेयनामावलीत जमातीचे नव्हे, माणसांचे नाव हवे. जुना पोशाख घालायला सांगू नये. कातकरी बोलीतले संवाद तसेच ठेवून खाली मराठी अक्षरे द्यावीत. आणि संकलन चालू असताना कच्चा चित्रपट वाडीत लावावा, तोही पावसाळ्यात, भट्टीवरची माणसे घरी असताना. कुणी म्हणाले की माझा हा भाग काढा, तर तो काढावा.