वंश, गण की जन?

आज हेगच्या न्यायालयात शिरायचं ठरलं होतं. पण कोथरूडच्या एका निवृत्त शिक्षिकांच्या चिठ्ठीनं मला बेळगावकडे वळवलंय. गाझाचा खटला आठवडाभर थांबू द्या. बाई विचारतात, ‘जेनोसाइडला तुम्ही वंशसंहार म्हणता, वर्तमानपत्रं नरसंहार म्हणतात. बरोबर कोण?’

नरसंहार मला नकोच. जालियनवाला बागेत झाला तो नरसंहार. माणसं शेकड्यांनी मारली, पण एखादा समूहच नाहीसा करायचा असा बेत त्यामागे नव्हता. जेनोसाइडविषयीच्या १९४८च्या कराराचा सगळा भर या बेतावर आहे, आकड्यावर नाही. स्रेब्रेनित्सात सुमारे आठ हजार मारले गेले, तरी तो जेनोसाइड ठरला.

पण वंशसंहारही एके ठिकाणी अडतो: १९७१मधल्या पूर्व पाकिस्तानातल्या कत्तलीपाशी. तिची बातमी फोडणारे पत्रकार अँथनी मस्कारेन्हस हे जन्मानं बेळगावचे, घराणं गोव्याचं, नोकरी कराचीच्या ‘मॉर्निंग न्यूज’मध्ये. एप्रिल १९७१मध्ये पाकिस्तानी लष्करानं आठ पत्रकारांना पूर्व पाकिस्तानात फिरवून आणलं, सगळं आलबेल आहे असं लिहावं म्हणून. सात जणांनी तसं लिहिलंही. मस्कारेन्हस बहिणीच्या आजारपणाचं निमित्त काढून लंडनला गेले, ‘संडे टाइम्स’च्या संपादकांना भेटले आणि परत कराचीत आले, कारण बायकामुलं तिथंच होती! ती सुखरूप बाहेर पडल्यावर हे स्वतः अफगाणिस्तानमार्गे निसटले. १३ जूनला मथळा आला, एकाच शब्दाचा: जेनोसाइड.

पुढच्याच वर्षी जिनिव्हाच्या ‘इंटरनॅशनल कमिशन ऑफ ज्युरिस्ट्स’नं तो शब्द कायद्याला लावून पाहिला. समस्त बंगाल्यांना नष्ट करण्याचा हेतू सिद्ध होणं कठीण, असं त्यांचं मत पडलं. हिंदू बंगाल्यांबाबत मात्र प्रथमदर्शनी बळकट पुरावा.

आता गंमत बघा. तो हिंदू आणि त्याचा मुसलमान शेजारी यांचा वंश एक, भाषा एक, भातसुद्धा एकाच शिवारातला. फरक धर्माचा. करारात धर्म आहे. आपल्या ‘वंशा’त तो मावत नाही. आपला वंश म्हणजे वंशाचा दिवा! जिथं पुरावा सर्वांत भक्कम, तिथंच मराठी शब्द लंगडा.

बंगालीत ‘गणहत्या’ म्हणतात, पण कुठलीही घाऊक कत्तल त्यात खपून जाते. कायदेतज्ज्ञ लेम्किननं १९४४मध्ये जेनोसाइड हा शब्द घडवताना ग्रीक ‘गेनॉस’ घेतला. आपला ‘जन’ त्याच मुळाचा. म्हणून मी ‘जनसंहार’वर खूश होतो. लॉ कॉलेज रस्त्यावरचा माझा वकील मित्र म्हणाला, ‘जन म्हणजे माणसंच ना? मग नरसंहारानं काय घोडं मारलंय?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हा बाई, यापुढे जेनोसाइडच लिहीन. टेबलाला आपण टेबलच म्हणतो.

आणि गाझा पुढच्या रविवारीही नाही. १९७१च्या पाकिस्तानी युद्धकैद्यांपैकी १९५ जणांवर खटले भरायचं ठरलं, तेव्हा याच कराराचा आधार घेऊन १९७३मध्ये हेगला गेला तो पाकिस्तान, आणि ‘तुमचा अधिकार आम्हांला मान्य नाही’ असं न्यायालयाला कळवलं ते भारतानं. ते आधी सांगायला हवं.