रात्रीचा मुक्काम आणि व्हिसा

मुंबईहून सिंगापूरमार्गे टोकियोला जाताना मध्ये रात्र आली, की अनेकांना वाटतं, सिंगापूरचा व्हिसा हवाच. हा समज स्वाभाविक आहे, पण मुक्कामाचे तास इथे निर्णायक नसतात. ट्रान्झिट (देशात प्रवेश न करता विमान बदलणं) म्हणजे दादरला पश्चिम रेल्वेतून उतरून पुलावरून मध्य रेल्वेच्या फलाटावर जाणं. स्टेशनाबाहेर पाऊल पडत नाही. सिंगापूरच्या चांगी विमानतळावर रात्रभर थांबलात, तरी इमिग्रेशन (पारपत्र तपासणी) ओलांडली नाही तर व्हिसा लागत नाही.

खरी अडचण येते ती स्वस्त म्हणून दोन वेगळी तिकिटं काढली की. तेव्हा बॅग बहुधा सिंगापूरलाच पट्ट्यावर येते आणि तो पट्टा असतो इमिग्रेशनच्या पलीकडे. व्हिसा नसेल, तर मुंबईच्या काउंटरवरच अडवलं जाऊ शकतं. म्हणून आरक्षणापूर्वीच विचारा: बॅग शेवटपर्यंत जाणार का? निघताना बॅगेवरची कागदी पट्टीही वाचा. तिच्यावर ठळक ‘एनआरटी’ म्हणजे टोकियोचा नारिता विमानतळ. ‘एसआयएन’ म्हणजे बॅग सिंगापूरलाच उतरणार. ज्येष्ठांना एकटं पाठवताना तर हे नक्की पाहा. प्रत्येक देशाचे नियम निराळे, तेव्हा वाटेतल्या देशाचेही तपासा.