पद्मिनीचं मूळ इंजिन वाचवताना

ठाण्यात टेंभी नाक्यावरच्या एखाद्या जुन्या इमारतीच्या मागे कव्हरखाली वर्षानुवर्षं उभी असलेली प्रीमिअर पद्मिनी गाडी बाहेर काढायचं ठरतं. घरातले सगळे जमतात, कोणीतरी नवी बॅटरी आणतं आणि उत्साहाच्या भरात चावी फिरवली जाते. जुन्या गाडीचं सर्वांत मोठं नुकसान बहुधा याच क्षणी होतं. बंद गाडीत पिस्टनच्या रिंगा गंजून सिलिंडरच्या भिंतीला चिकटलेल्या असतात. स्टार्टरने झटका दिला की रिंग तुटते आणि तिचा तुकडा भिंतीवर खोल ओरखडा पाडतो. जाणता मेकॅनिक आधी चारही प्लग काढतो, भोकांतून पातळ ऑइल सोडतो आणि ते चार-सहा दिवस मुरू देतो. मग पुढच्या पुलीला पाना लावून क्रँक हातानेच थोडा पुढे, थोडा मागे हलवून बघतो. क्रँक मोकळा फिरायला लागेपर्यंत चावी खिशातच राहिलेली बरी.

एवढी काळजी घ्यावी असं हे इंजिन आहे. १०८९ सीसी, चार सिलिंडर, बोअर ६८ मिलिमीटर आणि स्ट्रोक ७५. हीच मापं १९३७ सालच्या फियाट ५०८ सीच्या इंजिनाची होती, ते फियाटचे अभियंते दान्ते जाकोसा यांचं काम. पद्मिनी बनवणाऱ्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सची स्थापना सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली केली. कंपनीने १९५४ च्या सुमारास फियाट ११०० आणली, १९६४ मध्ये ‘डिलाइट’ आणि १९७४ मध्ये ‘पद्मिनी’ हे नाव. दुसऱ्या महायुद्धाआधी आखलेलं इंजिन मुंबई परिसरात विसावं शतक संपेपर्यंत तयार होत राहिलं. यंत्राच्या इतिहासात असं दीर्घायुष्य फार थोड्यांना लाभतं.

ठाणेकरांना या कंपनीचे दोन्ही कारखाने जवळचे: एक कुर्ल्याला, दुसरा डोंबिवलीजवळ कल्याण-शीळ रस्त्यावर. कुर्ल्याच्या जागेवर आता कोहिनूर सिटी आहे. शीळ रस्त्यावर टॉवर उभे राहिले, तरी तिथल्या मैदानाला लोक अजून प्रीमिअरचंच म्हणतात.

कुर्ल्याच्या कारखान्यात १९४७ पासून आधी जुळल्या त्या अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या डॉज आणि प्लिमथ. याच डॉजने पुढे १९६६ मध्ये चार्जर आणली. तिला मिळणारं ‘४२६ हेमी’ इंजिन सात लिटरचं, आठ सिलिंडरचं, ४२५ अश्वशक्तीचं. अशा गाड्यांना तिकडे मसल कार म्हणतात. आयातीवरच्या निर्बंधांमुळे ती लाट आपल्याकडे आलीच नाही. आपल्या वाट्याला चाळीसेक अश्वशक्तीची फियाट आली. पण इंजिन पुन्हा बांधण्याची विद्या दोन्हीकडे एकच. उलट तिकडे जुन्या व्ही-एटचे बहुतेक भाग कॅटलॉगमधून नवे मागवता येतात. इथे कौशल्य हातात आणि डोळ्यांत असावं लागतं.

ब्लॉक रिकामा झाला की पहिली परीक्षा बोटाने होते. सिलिंडरच्या वरच्या काठाशी नख अडकलं, तर समजायचं की रिंगेचा वरचा फेरा थांबतो तिथे पायरी पडली आहे. मग डायल गेज आत सोडतात. सिलिंडर सगळीकडे सारखा झिजत नाही. वर जास्त, खाली कमी आणि पिस्टन ज्या बाजूला रेटला जातो त्या बाजूला सर्वांत जास्त. त्यामुळे गोल असलेलं भोक वरून लंबगोल होत जातं. केसाच्या जाडीएवढा हा फरक गाडीला ऑइल प्यायला लावतो आणि सायलेन्सरमधून निळा धूर निघतो. मग रिबोअर करून ओव्हरसाइज पिस्टन घालतात. आधीच बरेचदा बोअर झालेला ब्लॉक असेल, तर आत स्लीव्ह ठोकून मूळ मापावर आणतात. शेवटी होनिंग. त्या तिरप्या, एकमेकांना छेदणाऱ्या रेघांमध्ये ऑइल धरून राहतं आणि नव्या रिंगा नीट बसतात. भिंत आरशासारखी गुळगुळीत ठेवली, तर रिंगा कधीच धरत नाहीत.

क्रँकचं तसंच. जर्नल झिजले असतील तर ग्राइंडरवर घासून एक माप खाली आणतात आणि अंडरसाइज बेअरिंग घालतात. हिशेब इंचाच्या हजाराव्या भागांत: दहा, वीस, तीस. तिसाच्या पुढे गेलेला क्रँक घेताना विचार करावा.

या इंजिनात सर्वांत हळवं आहे ते हेड. ब्लॉक बिडाचा, हेड अॅल्युमिनियमचं. दोन्ही धातू उष्णतेने वेगवेगळे पसरतात. गाडी एकदा जरी उकळली तरी हेड वाकू शकतं आणि गॅस्केट जळतं. त्यातच रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षं नळाचं पाणी ओतलेलं असतं. पाण्याच्या वाटा क्षाराने आणि गाळाने बुजतात, चौथा सिलिंडर तापत राहतो, आणि मालक नवा फॅनबेल्ट घालत बसतो. म्हणून ब्लॉकच्या बाजूची पत्र्याची गोल बुचं काढून आतला गाळ खरवडून काढायलाच हवा. हेडवर सरळ पट्टी ठेवून खालून फिलर गेज सरकवतात. गेज गेला तर फेसिंग. बसवताना बोल्ट मधून सुरू करून बाहेर, टप्प्याटप्प्याने, टॉर्क पान्यानेच आवळायचे.

ही सगळी कामं करणारी शॉप अजून आहेत. एमआयडीसीची सुरुवात १९६२ साली जिथून झाली, त्या वागळे इस्टेटच्या गल्ल्यांत लेथ आणि ग्राइंडर चालतात. जुने भाग शोधायला कुर्ल्याचा सीएसटी रोड आहे. तरी अनेक मालकांना सोपा मार्ग सुचवला जातो: जुनं इंजिन भंगारात द्या, दुसऱ्या गाडीचं बसवा. हा सल्ला ऐकू नये. १९७४-७५ च्या पद्मिनी आता पन्नाशी ओलांडताहेत. जुलै २०२१ मध्ये बदललेल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार, पन्नास वर्षांवरची खासगी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. अट अशी की ती मूळ रूपात असावी. चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. म्हणजे आरसी बुकातला इंजिन नंबर ज्या ब्लॉकवर कोरलेला आहे, तो ब्लॉक टाकला की गाडीची ओळखच गेली. अशी नोंद झालेली गाडी रोजच्या वापरासाठी नसते. रॅली, प्रदर्शन, देखभाल, पेट्रोल भरणं एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर आणता येते.

पेट्रोलचाही विचार करावा लागतो. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. जुन्या रबरी नळ्या आणि फ्युएल पंपाचा पडदा त्याने फुगतात, चिरतात. टाकीतला जुना थर सुटून कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये अडकतो. शिवाय इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, त्यामुळे जुन्या जेटवर मिश्रण पातळ होतं आणि इंजिन जास्त तापतं. इंजिन बांधतानाच इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या, नवा पडदा आणि थोडा मोठा मेन जेट बसवला, तर पुढचा त्रास टळतो.

इंजिन सुरू झाल्यावर पहिले हजार किलोमीटर ट्रॅफिकमध्ये तासन् तास आयडलिंगला उभं राहणं टाळावं आणि सुसाट पळवणंही टाळावं. पहाटे घोडबंदर रोडवर वेग कमी-जास्त करत चालवलेली गाडी उत्तम बसते. मेकॅनिकने सांगितल्याप्रमाणे हेड पुन्हा आवळायचं, टॅपेट तपासायचे. पहिलं ऑइल लवकर काढायचं आणि पांढऱ्या कपड्यातून गाळून बघायचं. लोहचुंबकाला चिकटणारी बारीक धूळ नव्या रिंगांची असते. ती थोडी असेल तर चिंता नको. पण चुंबकाला न चिकटणारे चंदेरी कण दिसले, तर ते बेअरिंगचे असू शकतात. मग गाडी पुढे न चालवता ऑइल चेंबर खाली उतरवून बेअरिंग तपासायचे.