चार अंकांची उमेदवारी : ‘फ्युचुरिया फँटेझिया’

विज्ञानकथेच्या चाहत्यांनी पदरमोड करून, मोबदल्याची अपेक्षा न ठेवता आणि बहुधा मोजक्याच वाचकांसाठी काढलेल्या नियतकालिकाला ‘फॅनझिन’ म्हणतात. ‘फॅन’ आणि ‘मॅगझिन’ हे शब्द जोडून लुई रसेल शोव्हने या अमेरिकी चाहत्याने हा शब्द ऑक्टोबर १९४० मध्ये घडवला. परंतु ज्या प्रकाराला हे नाव मिळाले, तो त्याआधीच दहा वर्षे रुजलेला होता. ह्यूगो गर्न्सबॅक यांनी १९२६ मध्ये सुरू केलेल्या ‘अमेझिंग स्टोरीज’ या मासिकात वाचकांची पत्रे पत्त्यांसह छापली जात, त्यामुळे दूरदूरचे वाचक परस्परांना थेट लिहू लागले, त्यांची मंडळे स्थापन झाली आणि १९३० मध्ये ‘द कॉमेट’ हे पहिले फॅनझिन मानले जाणारे नियतकालिक निघाले. याच परंपरेतले ‘फ्युचुरिया फँटेझिया’ १९३९ च्या उन्हाळ्यात सुरू झाले आणि ‘फॅनझिन’ हा शब्द जन्माला येण्यापूर्वी, चार अंक काढून थांबले.

त्याचे संपादक रे ब्रॅडबरी त्या वेळी अठरा वर्षांचे होते. १९३८ मध्ये शालेय शिक्षण संपल्यावर महाविद्यालयात जाण्याची ऐपत नसल्याने ते लॉस एंजेलिसच्या रस्त्यावर वर्तमानपत्रे विकत आणि सार्वजनिक ग्रंथालयात वाचन करीत. शहरातील विज्ञानकथाप्रेमींचे मंडळ क्लिफ्टन्स कॅफेटेरिया या उपाहारगृहात जमत असे. तेथेच त्यांना फॉरेस्ट अ‍ॅकरमन यांच्यासारखा मित्र लाभला आणि त्यांनीच या नियतकालिकासाठी पैसे पुरवले. अंक मिमिओग्राफवर, म्हणजे मराठी वाचकांना परिचित असलेल्या सायक्लोस्टाइलच्या पद्धतीने निघत : मेणकागदावर टंकलेखन केले की अक्षरांच्या जागी सूक्ष्म छिद्रे पडतात, त्यांतून शाई झिरपून कोऱ्या कागदावर मजकूर उमटतो आणि छापखान्याची पायरी न चढता काही डझन प्रती तयार होतात. ‘फ्युचुरिया फँटेझिया’च्याही प्रती शंभराच्या आतच निघत असत.

पहिल्या अंकावर ‘टेक्नोक्रसी’ या चळवळीची छाप होती. राजकारणी आणि भांडवलदार यांच्याऐवजी अभियंते व शास्त्रज्ञ यांनी समाजव्यवस्था चालवावी, असे मानणारी ही चळवळ महामंदीच्या काळात अनेक अमेरिकी तरुणांना आशादायक वाटत होती, आणि ब्रॅडबरी हेही त्यांपैकीच एक होते. तथापि त्याच अंकात त्यांनी रॉन रेनॉल्ड्स या टोपणनावाने लिहिलेल्या कथेत, सर्व प्रश्न सुटलेल्या अशा व्यवस्थेत लेखकाला लिहिण्यासारखे काहीच उरत नाही, अशी कल्पना रंगवली. ज्या विचाराचा पुरस्कार करायचा त्याच विचाराला कथेतून चिमटा काढायचा, ही मोकळीक त्यांना मिळाली, कारण अंकाचे संपादक तेच होते आणि त्यावर कोणत्याही प्रकाशकाचा अंकुश नव्हता.

पुढच्या अंकांत ही मोकळीक अधिक फलदायी ठरली. मुखपृष्ठे हॅनेस बॉक या तरुण चित्रकाराची होती. जुलै १९३९ मध्ये न्यूयॉर्क येथे पहिले जागतिक विज्ञानकथा संमेलन भरले तेव्हा ब्रॅडबरी यांनी बॉकची चित्रे सोबत नेऊन ‘विअर्ड टेल्स’ मासिकाच्या संपादकांना दाखवली आणि त्या मासिकाच्या डिसेंबर १९३९ च्या अंकावर बॉकचे चित्र झळकले. हेन्री कटनर यांच्यासारख्या व्यावसायिक लेखकाने या अंकांसाठी लिहिले, तर पुढे विज्ञानकथेचे अध्वर्यू ठरलेले रॉबर्ट हाइनलाइन यांनी लाइल मन्रो या टोपणनावाने १९४० च्या अखेरच्या अंकाला कथा दिली.

सर्वांत बोलका दाखला मात्र १९३९ च्या शरद ऋतूतील अंकात आलेल्या ‘द पेंड्युलम’ या कथेचा आहे. एका प्रचंड लंबकात कोंडला गेलेला आणि काळाच्या ओघात एकटाच उरलेला संशोधक हा तिचा विषय. ब्रॅडबरी यांनी हेन्री हॅसी यांच्या साहाय्याने ती नव्याने लिहिली, ती नोव्हेंबर १९४१ च्या ‘सुपर सायन्स स्टोरीज’मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिच्याच निम्म्या मानधनाच्या रूपाने, पावणेचौदा डॉलरच्या रकमेत, त्यांना लेखनाची पहिली कमाई मिळाली. ‘द मार्शियन क्रॉनिकल्स’ (१९५०) आणि ‘फॅरनहाइट ४५१’ (१९५३) या कृतींचा लेखक अशा उमेदवारीतून घडत होता.

वाङ्मयीन दृष्ट्या या चार अंकांतील बराच मजकूर कच्चा आहे, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु नियतकालिकाचे मोल त्याच्या आयुर्मानावर किंवा खपावर ठरवले, तर साहित्याच्या इतिहासातील बराचसा जिवंत भाग निसटून जातो. लेखकाला चुका करण्याची, टोपणनावांआड वेगवेगळे आवाज आजमावण्याची आणि फसलेली कथा पुन्हा लिहिण्याची जागा लागते, आणि ‘फ्युचुरिया फँटेझिया’ने ती जागा चार अंकांपुरती निर्माण केली. विज्ञानकथाविश्वातील मानाचा ह्यूगो पुरस्कार १९५३ मध्ये सुरू झाला, म्हणून त्यापूर्वीच्या काही वर्षांसाठी तो पूर्वलक्षी पद्धतीने दिला गेला. २०१६ मध्ये, १९४० सालातील उत्कृष्ट फॅनझिन म्हणून, तो ‘फ्युचुरिया फँटेझिया’ला देण्यात आला.