रुळावर पडली? राहू द्या तिथेच!

गाडी फलाटाला लागली की आपल्याकडे एकच गडबड उडते. परभणी जंक्शन असो, पूर्णा असो, की सेलू, मानवत रोड, गंगाखेड असो, दृश्य ठरलेले. एका काखेत लेकरू, दुसऱ्या हातात पिशवी, खांद्याला पर्स आणि तोंडाने "अहो, ती निळी बॅग घेतलीत का?" हा घोष चालूच. नेमकी त्याच वेळी पायातली चप्पल सटकते आणि डबा व फलाट यांच्यामधल्या फटीतून खाली जाते. कधी चप्पल, कधी पाण्याची बाटली, कधी लेकराचा एक बूट, आणि आताशा बहुतेक वेळा मोबाइल. "थांबा हं, एवढ्यात घेते," असे म्हणत बाई वाकते, नाहीतर गाडी गेल्यावर पदर खोचून सरळ खाली उतरते. तिच्या त्या "एवढ्यात" बद्दलच आज जरा सविस्तर बोलायचे आहे.

रुळावर उतरण्यात आपल्या भागात कुणाला फारसे वावगे वाटत नाही, आणि त्याला कारण आहे. निजामाच्या राजवटीत, १९०० च्या सुमारास, मनमाड ते सिकंदराबाद हा लोहमार्ग सुरू झाला तो मीटरगेजचा. नव्वदच्या दशकात तो रुंद होईपर्यंत दोन-तीन पिढ्यांनी ती छोटी गाडीच पाहिली. फलाट बसके, कुठे कुठे तर नुसता मुरूम टाकलेला. गाडीचा वेग बेताचा. आणि कोळशाचे इंजिन मैलभरावरून धापा टाकत, शिट्ट्या मारत, धूर सोडत आपली वर्दी देत यायचे. "गाडी दिसली की बाजूला होऊ" हा हिशेब तेव्हा जमूनही जायचा. आपल्या आज्या रूळ ओलांडून पलीकडच्या फलाटावर जात, आया जात, आणि तीच सवय आपल्याही अंगवळणी पडली.

पण रूळ आता ते राहिलेले नाहीत, बायांनो! मार्ग रुंद झाला, परभणी–पूर्णा–नांदेड बाजूला दुहेरी झाला, त्यावर विजेच्या तारा आल्या. ऑगस्ट २०२५ पासून नांदेड–मुंबई वंदे भारत परभणीवरून धावू लागली. विजेवरची गाडी धापा टाकत येत नाही. फलाटावरचा गलका, चहावाल्यांची आरोळी, लाउडस्पीकरची घोषणा यांत ती अगदी जवळ येईपर्यंत कळतही नाही. पेडगाव, मिरखेल यांसारख्या लहान स्टेशनांवरून तर कितीतरी गाड्या न थांबताच जातात.

जरा गणित मांडून पाहू. घरखर्चाचे मांडतो तसेच. ताशी शंभर किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात सुमारे अठ्ठावीस मीटर अंतर कापते, म्हणजे अख्ख्या एका डब्याच्या लांबीहून जास्त. खाली उतरायचे, खडीत वस्तू शोधायची, उचलायची आणि पुन्हा वर यायचे, याला कितीही चपळ बाई असली तरी अर्धे मिनिट हवेच. अर्ध्या मिनिटात गाडी आठशे मीटरच्या पुढे गेलेली असते! म्हणजे आपण उतरलो तेव्हा जी नजरेतही नव्हती, ती आपण वाकलेल्या असतानाच अंगावर येऊ शकते. चालकाने पाहिले आणि ब्रेक लावला तरी भरधाव गाडी थांबायला किलोमीटरच्या आसपास अंतर लागते. ती काही रिक्षा नव्हे.

"आत्ता कुठली गाडी?" या भरवशावर तर मुळीच राहू नये. याच आपल्या लोहमार्गावर, जालन्याच्या पुढे करमाडजवळ, ८ मे २०२० च्या पहाटे काय झाले ते आठवा. टाळेबंदीत पायी गावी निघालेले मजूर थकून रुळावरच टेकले. प्रवासी गाड्या बंद, तेव्हा धोका नाही असे त्यांना वाटले असावे. पण मालगाड्या चालू होत्या. सोळा जण गेले. रुळावर विखुरलेल्या त्यांच्या भाकरींची छायाचित्रे वर्तमानपत्रांत पाहिली होती, ती अजून डोळ्यांसमोरून हलत नाहीत. आणि २२ जानेवारी २०२५ ला जळगाव जिल्ह्यात परधाडे स्टेशनाजवळ, गाडीला आग लागल्याच्या अफवेने पुष्पक एक्स्प्रेसची साखळी ओढून लोक भराभर खाली उतरले आणि शेजारच्या रुळावरून आलेल्या कर्नाटक एक्स्प्रेसखाली सापडले. डझनभर जीव क्षणात गेले. आपली गाडी उभी आहे म्हणून शेजारचा रूळ मोकळा आहे असे नसते, हे दुहेरी मार्ग झाल्यापासून आपल्यालाही लागू आहे.

बरे, गाडी आली नाही असे धरले तरी वर कसे येणार? आताचे उंच फलाट रुळापासून ऐंशी-चौऱ्याऐंशी सेंटिमीटर वर असतात आणि रुळाखालची खडी त्याहूनही खाली. म्हणजे ओट्यापेक्षाही उंच जागा, चढायला पायरी नाही, धरायला कठडा नाही. खाली उडी मारणे सोपे, पण साडी नेसून वर चढून दाखवा पाहू! खडी पायाखालून सरकते, रुळाचा माथा गुळगुळीत, त्यात पावसाळा असला तर विचारायलाच नको. घोटा मुरगळला की बाई तिथेच बसते. उभ्या गाडीखाली हात घालून चप्पल ओढणे हा तर शुद्ध वेडेपणा. सिग्नल मिळाला की गाडी हलते. खाली कुणाचा हात आहे हे चालकाला दिसत नाही.

विजेच्या तारेचे वेगळे सांगते, कारण ती आपल्याकडे नवी आहे. घरातल्या बटणात येते ती २३० व्होल्ट. रुळावरच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात. तिला हात लागावाच लागतो असेही नाही. दोन मीटरच्या आत गेले तरी वीज अंगावर झेप घेऊ शकते. तेव्हा वाऱ्याने ओढणी, टॉवेल किंवा लेकराचा फुगा उडून तारेवर अडकला तर काठी, छत्री, पडद्याचा दांडा असले काही घेऊन तो काढायला जाऊ नये. यजमानांनाही जाऊ देऊ नये. पुरुषांना अशा वेळी भलताच उत्साह येतो!

शहरात नोकरीला असलेल्या मुलामुलींकडे आपण आता मेट्रोनेही फिरतो, आणि तिथली तऱ्हा आणखी निराळी. १९८४ साली कोलकात्यात आपल्या देशातली पहिली मेट्रो सुरू झाली. तिथे आणि बंगळुरूला गाडीला वीज मिळते ती डोक्यावरच्या तारेतून नव्हे, तर रुळाच्या बाजूने जाणाऱ्या तिसऱ्या पट्टीतून. ७५० व्होल्टची ती पट्टी जमिनीलगत, पायाच्या उंचीवर असते, आणि नवख्या माणसाला ती तिसरा रूळच वाटते. १ जानेवारी २०२४ ला बंगळुरूच्या इंदिरानगर स्टेशनवर एका महिलेचा मोबाइल खाली पडला आणि ती त्याच्यामागे खाली उतरली. कर्मचाऱ्यांनी तातडीने वीज तोडली, तिला वर घेतले, गाड्या काही मिनिटे खोळंबल्या. ती वाचली, कारण कुणाचे तरी लक्ष होते. मुंबईच्या भुयारी मेट्रोत फलाटाच्या कडेलाच सरकते दरवाजे बसवले आहेत. गाडी आल्यावरच ते उघडतात, त्यामुळे तिथे हा प्रश्न जवळजवळ मिटला. जपानची तर गंमतच. टोकियो भागातल्या ७८ स्थानकांवर २०२० च्या जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांत कानातले बिनतारी इअरफोन रुळावर पडल्याचे साडेनऊशे प्रसंग घडले! शेवटी तिथल्या रेल्वेने ते खडीतून ओढून घेणारे झाडणीयंत्रासारखे उपकरण तयार करवून घेतले. इतर पडलेल्या वस्तू तिथले कर्मचारी लांब दांड्याच्या चिमट्याने काढतात. प्रवाशाने उतरायचे नाही.

आता खरी गोष्ट. बाई रुळावर का उतरते? दोनशे रुपयांच्या चपलेसाठी जीव द्यावा इतकी ती खुळी नसते. तिच्या डोळ्यांसमोर रूळ नसतोच, घर असते. "एवढा महागाचा फोन हरवून आलीस?" "डबा कुठाय? माझ्या आईनं दिलेला होता." "तुला साधी पर्स सांभाळता येत नाही." हे सारे तिला आधीच ऐकू येत असते. मालकाच्या हातून छत्री हरवली तर ती हरवते. बाईच्या हातून हरवली तर तिने ती हरवलेली असते. हा फरक घराघरांत आहे, आणि तोच तिला खाली ढकलतो. म्हणून प्रवासाला निघताना घरातल्या कर्त्या माणसाने, सासूबाईंनी सांगितले तर फारच उत्तम, एकदा स्पष्ट म्हणावे, की काही पडलं-झडलं तर जाऊ दे, मागे वळू नकोस. लेकींनाही हेच सांगावे. फोन गेल्याबद्दल रागावण्याच्या भीतीने मुलगी खाली उतरेल, हे लक्षात असू द्यावे.

वस्तू सोडा, माणूसच पडले तर? मुंबईजवळ वांगणी स्टेशनवर १७ एप्रिल २०२१ ला एका दृष्टिहीन आईच्या हातातले मूल रुळावर पडले. तिला ते कुठे पडले हे दिसेना, आणि समोरून उद्यान एक्स्प्रेस येत होती. मयूर शेळके या पॉइंट्समनने रुळातून धावत जाऊन मूल वर ठेवले आणि स्वतः कसेबसे फलाटावर आले. पुढे मिळालेल्या ५०,००० रुपयांच्या बक्षिसातले अर्धे त्यांनी त्या माउलीलाच देऊ केले. पण ते रुळाशी रोजचा संबंध असलेले रेल्वेचे माणूस. आपण काय करायचे? फलाटावरूनच, गाडी येते आहे त्या बाजूला तोंड करून, दोन्ही हात डोक्यावर उंच धरायचे किंवा हातातले कापड जोरजोराने हलवायचे. रात्री मोबाइलचा दिवा वेगाने हलवायचा. चालकाला ही धोक्याची खूण समजते. दुसऱ्याने स्टेशन मास्तरकडे पळायचे.

वस्तूसाठी मात्र एवढी घाई नको. ती कुठे पडली याची खूण ठेवावी, म्हणजे कोणता फलाट, समोर कोणत्या डब्याची पाटी, जवळ कोणता खांब. मग स्टेशन मास्तर किंवा रेल्वे पोलिसांना सांगावे. गाड्यांची वेळ पाहून त्यांचा माणूस ती काढून देतो. थोडे थांबावे लागेल, प्रसंगी आपली गाडी सुटेल, सुटू द्यावी. परवानगीवाचून रुळावर उतरणे हा १९८९ च्या रेल्वे कायद्याने गुन्हाही आहे. त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केलेली आहे. धावत्या गाडीच्या खिडकीतून फोन पडला तर साखळी ओढू नये. पुरेशा कारणाविना साखळी ओढणे हाही गुन्हाच. त्याऐवजी बाहेर पाहावे. तारा धरणाऱ्या प्रत्येक खांबावर आकडे रंगवलेले असतात. जो दिसेल तो टिपून घ्यावा, मागचे-पुढचे स्टेशन लक्षात ठेवावे आणि शेजाऱ्याच्या फोनवरून १३९ ला कळवावे. त्या आकड्यावरून जागा नेमकी सापडते.

आणि वस्तू सापडली तर ती आपलीच हे पटवावे लागते. डब्यावर नाव कोरून घेण्याची आपली जुनी पद्धत इथे कामी येते. पर्सच्या आतल्या कप्प्यात घरातल्या दुसऱ्या कुणाचा तरी फोन नंबर कागदावर लिहून ठेवा. आपलाच नंबर लिहिलात, तर घंटी रुळावरच वाजत राहील!