अठरा वर्षांची मेहनत, मग परीक्षा

२००८ सालच्या ऑगस्ट महिन्यात इंग्लंडच्या उत्तर भागातील डार्लिंग्टनहून वाफेचे एक इंजिन मोठ्या ट्रेलरवर चढवून लफबरो येथे नेण्यात आले. इंजिन कोरे करकरीत होते, पण अंगावर झगमगीत रंग नव्हता. नुसता करडा हात मारलेला. माल अजून पास व्हायचा होता. चाचणीत कुठे उघडावे लागले, कुठे खरवडावे लागले, तर चांगला रंग फुकट जाऊ नये, हे कोणत्याही कारखानदाराला समजावून सांगायला नको.

या इंजिनाचे नाव ‘टॉर्नेडो’, क्रमांक ६०१६३. आमच्या वाचकांत टर्नर, फिटर, ओतकाम करणारे, वेल्डिंगची दुकाने चालवणारे पुष्कळ आहेत. इंजिन विलायतेचे असले तरी त्याची हकीकत त्यांच्या कामाची वाटल्याने आम्ही ती इथे देत आहोत.

आर्थर पेपरकॉर्न या इंजिनिअरने आखलेली ‘ए-वन’ जातीची ४९ इंजिने १९४८-४९ मध्ये डॉन्कास्टर आणि डार्लिंग्टन येथे बनली होती. वीस वर्षेही झाली नाहीत तोच डिझेल आले, आणि १९६६ पर्यंत ही सगळी इंजिने सेवेतून काढून भंगारात गेली. संग्रहालयात ठेवायलासुद्धा एक उरले नाही. १९६८ साली तर ब्रिटिश रेल्वेच्या मुख्य मार्गांवरून वाफच गेली. मग १९९० मध्ये काही हौशी मंडळींनी ट्रस्ट काढून ठरवले, की पन्नासावे इंजिन नव्याने बनवायचे. तेव्हा अनेकांनी त्यांना हसून सोडून दिले असणार. आम्हीही हसलो असतो.

पैशाची रीत मात्र पाहण्यासारखी होती. एखाद्या धनवानाच्या दारात उभे राहण्याऐवजी त्यांनी सामान्य माणसाकडून आठवड्याला सव्वा पौंड मागितला. त्या काळी त्या भागात एका मोठ्या पेल्या बिअरची ती किंमत. आमच्या वाचकांनी तिथे चहा धरावा. असे शेकडो लोक वर्षानुवर्षे देत राहिले, पोलादाच्या काही कारखान्यांनी हात दिला, पुढे बॉयलरसाठी रोखे काढले, आणि शेवटी खर्च सुमारे ३० लाख पौंडांवर गेला. म्हणजे इंजिन लफबरोला उतरले तेव्हा त्याच्यामागे एका मालकाची तिजोरी नव्हती. शेकडो लहान माणसांची बचत होती.

आता खरी अडचण. अख्खे इंजिन बनवून देणारा कारखाना ब्रिटनमध्ये उरलाच नव्हता. म्हणून ट्रस्टने सगळे काम जॉबवर्कने वाटले. १९९४ मध्ये लीड्स येथे सांगाड्याच्या पोलादी पाट्या कापल्या. सहा फूट आठ इंच व्यासाची चाके आणि पुष्कळसे ओतीव भाग शेफील्डच्या विल्यम कुक यांनी दिले. जुने आराखडे यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात सापडले, पण ओतकामाचे जुने लाकडी नमुने कोठून आणणार? एकाच नगासाठी लाकूड कोरून घेणे परवडत नाही, म्हणून बऱ्याच ठिकाणी पॉलिस्टायरिनचे नमुने वापरले. बॉयलर जर्मनीत मायनिंगेन येथे झाला आणि २००६ मध्ये आला. तिथेच का? पूर्व जर्मनीत वाफेची इंजिने १९८० नंतरही धावत होती. काम चालू राहिले, म्हणून हातही तयार राहिले. जुना बॉयलर रिव्हेटचा आणि भट्टी तांब्याची असे. हा नवा पूर्ण वेल्डिंगचा आणि भट्टी पोलादी.

जॉबवर्क करणाऱ्या प्रत्येकाला हे दुखणे माहीत असेल. चाकवाल्याचे माप बरोबर, सिलिंडरवाल्याचेही बरोबर, बॉयलरवाल्याकडे तर कागदोपत्री दाखलाच आहे. पण सगळे एकत्र जोडल्यावर खडखडले तर जबाबदार कोण? प्रत्येक जण आपले बिल आणि आपले माप दाखवून मोकळा होतो. अशा वेळी चाचणीशिवाय दुसरा न्याय नाही.

टॉर्नेडोची चाचणी पायरीपायरीने झाली. आधी बॉयलर पेटवून वाफ धरून पाहिली. २९ जुलै २००८ रोजी डार्लिंग्टनच्या कारखान्याबाहेरच्या तोकड्या रुळावर इंजिन पहिल्यांदा स्वतःच्या बळावर हलले. एवढ्यावर कोणी पेढे वाटले असते तर घाई झाली असती. काही पावले मागेपुढे होणे वेगळे आणि सुमारे १७० टनांचे धूड (कोळसा-पाण्याच्या टेंडरसह) गाडी ओढत धावणे वेगळे.

म्हणून पुढची पायरी लफबरोची. तिथे ग्रेट सेंट्रल रेल्वे नावाचा सुमारे १३ किलोमीटरचा जुना मार्ग हौशी मंडळींनी जतन करून ठेवला आहे आणि त्याच्या मोठ्या भागावर दुहेरी रूळ आहेत. अशा वारसा मार्गांवर एरवी ताशी २५ मैलांची मर्यादा असते. टॉर्नेडोसाठी ६० मैलांपर्यंत पळवण्याची खास परवानगी मिळाली. चाचणीसाठी अशी जागा निवडण्यात मोठे शहाणपण होते, असे आम्हाला वाटते. मुख्य मार्गावर इंजिन अडले तर त्याच्यामागे गाड्यांची रांग लागते आणि दिवसभराचा धंदा बसतो. इथे अडले तर दुसऱ्या इंजिनाने ओढून शेडमध्ये आणायचे, इतकेच.

नव्या इंजिनाची परीक्षा कशी होते ते थोडक्यात सांगतो. प्रथम नुसते इंजिन हळू चालवायचे. थांबले की उतरून प्रत्येक धुऱ्याच्या पेटीला हात लावायचा. कोमट असेल तर ठीक, हात टेकवत नसेल तर बेअरिंग उघडायचे. मग डबे जोडायचे, वजन वाढवायचे, वेग वाढवायचा. इंजेक्टर, म्हणजे वाफेच्याच जोरावर बॉयलरमध्ये पाणी ढकलणारे साधन, चालत्या गाडीतही पाणी धरते का? भट्टीला ओढ पुरेशी आहे का? भरल्या गाडीला ब्रेक किती अंतरात थांबवतो? तिन्ही सिलिंडरांचा आवाज सारखा पडतो का? जाणता चालक डोळे मिटून धुराड्याच्या ठोक्यांवरून सांगतो, की कुठल्या सिलिंडरला वाफ कमी जाते आहे. आपल्याकडे जुना मेकॅनिक स्कूटरचा आवाज ऐकून रोग सांगतो, तसेच हे.

लफबरोला पास झाल्यावर नोव्हेंबरमध्ये यॉर्कहून मुख्य मार्गावरच्या चाचण्या झाल्या. शेवटच्या फेरीत ताशी ७५ मैल वेग गाठला. बाहेरच्या स्वतंत्र तपासनिसांचे शिक्के उमटले. बनवणाऱ्यानेच स्वतःला पास करावे, ही सोय तिथे नव्हती. मग डिसेंबरमध्ये इंजिनाला हिरवा रंग चढला, आणि ३१ जानेवारी २००९ रोजी तिकीट काढलेल्या प्रवाशांची पहिली गाडी त्याने यॉर्कहून न्यूकॅसलला नेली.

म्हणजे सगळे निर्वेध झाले असे नाही. २०११ मध्ये बॉयलरच्या भट्टीत दोष निघाला. बॉयलर उतरवून पुन्हा मायनिंगेनला पाठवावा लागला, आणि त्याच वर्षी इंजिन कामावर आले. एप्रिल २०१७ मध्ये रात्रीच्या एका चाचणीत त्याने ताशी १०० मैल गाठले. त्या बळावर पुढच्या वर्षी ९० मैलांच्या वेगाने प्रवासी गाडी काढली, आणि १४ एप्रिल २०१८ रोजी पहिल्याच फेरीत मधल्या सिलिंडरला वाफ वाटणारी यंत्रणा मोडून इंजिन वाटेत बसले. चाचणीत जे एका रात्रीत निभावले, ते प्रवासी घेऊन निभावले नाही. आम्ही याला ट्रस्टची लाज म्हणणार नाही. पण एका यशस्वी रात्रीवर तिकिटे विकण्याआधी आणखी काही रात्री खर्च केल्या असत्या तर बरे झाले असते, एवढे बोलायला हरकत नसावी.

हे सारे परमुलखातले झाले, म्हणून एक आपल्या देशातलेही सांगतो. निलगिरीच्या डोंगरी रेल्वेसाठी तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कारखान्यात २०११ पासून वाफेची नवी इंजिने बनली आहेत. मूळ इंजिने स्वित्झर्लंडच्या विंटरथुरची. नवी आपल्या कारागिरांच्या हातची. त्यांची खरी परीक्षा कल्लार ते कुन्नूर या चढावर होते. तिथे साधारण बारा फूट पुढे गेले की एक फूट वर चढावे लागते आणि दोन रुळांच्या मधल्या दातेरी पट्टीत इंजिनाचे दाते अडकवून गाडी वर न्यावी लागते. उतरताना ब्रेकची परीक्षा चढतानापेक्षा कठीण. ज्यांना उटीला जाण्याचा योग येईल त्यांनी मेट्टुपालयमहून गाडीने जावे, आणि मधल्या स्टेशनावर इंजिन पाणी घ्यायला थांबले की उतरून कर्मचारी कुठे कुठे हात लावून पाहतात ते पाहावे.