शिंगराचे पहिले सहा तास

कामगार चळवळीतल्या माणसाने घोडीच्या बाळंतपणावर बोलावे, याचे कोणाला नवल वाटेल. परंतु माथेरानसारख्या ठिकाणी आजही कितीतरी कुटुंबे घोड्याच्या पाठीवर जगतात. अशा घरी घोडी हेच भांडवल आणि शिंगरू ही पुढची ठेव. ती ठेव पुष्कळदा पैशावाचून नव्हे, माहितीवाचून बुडते.

घोडी सुमारे अकरा महिने गाभण असते. पण विताना तिला सवड नसते. पाण्याची पिशवी फुटल्यापासून अर्ध्या तासात शिंगरू बाहेर यावे लागते. त्याचा पाय मुडपला किंवा मान वळली, की वेळ टळतो आणि प्राणवायू कमी पडतो. मग पशुवैद्य येतात, शिंगरू ओढून काढतात, ते श्वास घेते आणि जमलेले लोक ‘वाचले!’ म्हणून घरी जातात. खरी राखण तिथून पुढे सुरू होते.

प्रथम नाकपुड्या पुसाव्यात, शिंगराला छातीवर टेकवून बसते करावे आणि कोरड्या कापडाने चोळावे. नाळ घाईने कापू नये. ती आपोआप तुटते. तुटलेले टोक पशुवैद्य सांगतील त्या जंतुनाशकात बुडवावे.

आता मुख्य गोष्ट. माणसाच्या मुलाला रोगाशी लढणारी द्रव्ये आईच्या पोटातच वारेतून मिळतात. घोडीच्या वारेची घडण निराळी. तिच्यातून ती पलीकडे जात नाहीत. म्हणून शिंगरू जवळजवळ निःशस्त्र जन्मते. त्याची सारी शस्त्रे आईच्या पहिल्या दुधात, म्हणजे चिकात असतात. गाईच्या चिकाचा खरवस आपण आवडीने खातो. शिंगराला मात्र आईचा चीक हा जगण्याचा आधार आहे. शिवाय ही द्रव्ये जशीच्या तशी रक्तात घेणारे आतड्याचे दार पहिले सहा-आठ तास चांगले उघडे असते आणि 24 तासांत बंद होते. नंतर कितीही दूध पाजले तरी ती उणीव भरत नाही.

निरोगी शिंगरू 1 तासात उभे राहते, 2 तासांत पिऊ लागते आणि घोडीची वार 3 तासांत पडते. हा हिशेब चुकला, की पशुवैद्यांना बोलवावे. वार हाताने ओढू नये. अडलेल्या वितीतले शिंगरू कधी भ्रमिष्टासारखे भिंत चाटते, त्याला सड सापडत नाहीत. तेव्हा घोडीचा चीक स्वच्छ भांड्यात काढावा. चोखण्याची शक्ती नसलेल्या शिंगराच्या तोंडात तो ओतू नये, फुप्फुसात जातो. पशुवैद्य नाकातून नळी घालून तो पोटात पोचवतात. 45-50 किलोच्या शिंगराला पहिल्या सहा तासांत थोडा थोडा करून एक ते दीड लिटर तरी मिळावा. दुसऱ्या दिवशी रक्त तपासून घ्यावे. द्रव्ये कमी निघाली तर शिरेतून रक्तद्रव देता येतो, पण तो खर्च गरिबाला झेपणारा नसतो.

भ्रमिष्ट दिसणारी बहुतेक शिंगरे चांगल्या शुश्रूषेने सुधारतात, म्हणून मालकाने आशा सोडू नये. चीक विकत आणावा लागत नाही. तो वेळेत पोचवावा लागतो. घोडीचे दिवस भरत आले, की पशुवैद्यांना आधी सांगून ठेवावे, शेजाऱ्यांनी रात्रीच्या पाळ्या वाटून घ्याव्यात, आणि पाण्याची पिशवी फुटताच घड्याळ पाहावे.